थेरपीच्या खोलीत जमतं, ते पार्किंगमध्ये का जमत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा साडेआठ वर्षांचा, तिसरीत. सहाव्या वर्षी एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं कठीण जाण्याचं) निदान झालं, यंदा त्याच्या जोडीला सौम्य ऑटिझमही सांगितला. सकाळी शाळेआधी गोळी घेतो. थेरपीत ‘आपला नंबर येईपर्यंत थांबायचं’, ‘हरलो तरी चालतं’ हे सगळं बिनचूक सांगतो. पण संध्याकाळी सोसायटीत खाली गेला की दहा-पंधरा मिनिटांत भांडण करून वर येतो. चालू खेळात घुसतो, नियमांवरून वाद घालतो, आउट झाला तरी बॅट सोडत नाही. आता मुलं त्याला घेतच नाहीत. घरातले म्हणतात स्वभावच हट्टी आहे. स्वभाव बदलता येतो का? सोशल स्किल्सचा क्लास लावावा का?

उत्तर:

तुम्ही लिहिलेल्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की थेरपीत तो सगळं बिनचूक सांगतो. म्हणजे निदान काही गोष्टी त्याला माहीत आहेत. पण चेंडू हवेत असताना, पाच जण एकदम ओरडत असताना, त्या क्षणी त्याला त्या सुचत नाहीत. एडीएचडीवर आयुष्यभर काम केलेले मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली हेच सांगत आले आहेत: या मुलांची अडचण माहिती नसण्याची कमी आणि माहिती वेळेवर वापरता न येण्याची जास्त असते. त्यामुळे जिथे चुकतं तिथेच, आणि चुकायच्या जरा आधी, मदत पोचली पाहिजे. मंगळवारी चार वाजता खोलीत दिलेला धडा शुक्रवारी सहा वाजता पार्किंगमध्ये कामाला येईल, अशी आशा या मुलांच्या बाबतीत धरू नका.

बार्कलींचा एक ढोबळ अंदाज उपयोगी पडतो. एडीएचडी असलेल्या मुलाचा स्वतःवरचा ताबा त्याच्या वयापेक्षा साधारण 30 टक्के मागे असतो. तुमचा मुलगा गणितात तिसरीतलाच आहे, पण हरल्यावर स्वतःला सावरण्यात तो सहा वर्षांचा आहे. सहा वर्षांच्या मुलाला आठ-नऊ वर्षांच्या टोळक्यात एकटं सोडून आपण गॅलरीतून बघत बसलो नसतो.

आता ऑटिझमकडे. 2013 मध्ये निदानाचे निकष बदलले, त्याआधी ही दोन निदानं एकाच मुलाला देता येत नसत. आजही चंचलपणा आधी डोळ्यांत भरतो आणि ऑटिझम मागाहून कळतो, हे नेहमीचं आहे. मराठीत त्याला ‘स्वमग्नता’ म्हणतात. हा शब्द मुलावर अन्याय करतो, कारण त्यातून ‘याला माणसं नकोतच’ असा अर्थ निघतो. बहुतेक मुलांना माणसं हवी असतात. माणसांमधले न सांगितलेले नियम मात्र त्यांना आपोआप दिसत नाहीत.

म्हणून प्रत्येक चुकीबद्दल आधी हे शोधा: त्याला माहीत नाही, की माहीत असून त्या क्षणी जमत नाही? त्याची एक सोपी रीत आहे. रात्री, राग पूर्ण उतरल्यावर, बुद्धिबळाच्या सोंगट्या घेऊन पार्किंगमधला प्रसंग मांडा. “हा घोडा बॅटिंग करत होता. आउट झाला. बॅट दिली नाही. या प्याद्याला काय वाटलं असेल?” तो लगेच म्हणाला, “राग आला, कारण त्याचा नंबर होता,” तर त्याला माहीत आहे, ती एडीएचडीची बाजू. गोंधळून म्हणाला, “पण टप्पा पडला होता, तो आउट नव्हताच!” तर प्याद्याच्या मनातलं त्याच्यापर्यंत पोचलेलंच नाही, ती ऑटिझमची बाजू. पहिल्या बाबतीत पुन्हा समजावून सांगणं व्यर्थ आहे. तिथे जागेवरची आठवण, हातापायांचा सराव आणि लगेच मिळणारं बक्षीस लागतं. दुसऱ्या बाबतीत न दिसलेला नियम शब्दांत मांडून द्यावा लागतो. दोन्ही निदानं असलेल्या मुलात एकाच भांडणात दोन्ही कारणं सापडतात, म्हणून ही तपासणी एकदा करून संपत नाही.

काहीही शिकवायच्या आधी एक आठवडा फक्त बघा. वहीत पाच रकाने आखा: किती वाजता खाली गेला, कोणता खेळ, किती मुलं, कितव्या मिनिटाला बिनसलं, आणि बिनसायच्या लगेच आधी काय घडलं. शेवटच्या रकान्यात ‘हट्टीपणा केला’ असं लिहू नका. ‘पहिला बॉल ट्रायल असतो म्हणाला, मुलांनी आउट दिलं’ असं लिहा. पाच संध्याकाळच्या नोंदी झाल्या की बहुधा दिसतं, की भांडणं कुठेही होत नाहीत. ती तीनच जागी होतात: खेळात शिरताना, आउट होताना किंवा हरताना, आणि थकल्यावर.

वेळेचा रकाना विशेष बघा. एडीएचडीसाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या मिथाइलफेनिडेट या औषधाची साधी गोळी साधारण चार तास काम करते, लांब पल्ल्याची आठ ते बारा तास. सकाळी सातची साधी गोळी संध्याकाळी सहाला उरलेली नसते. काही मुलं असर उतरताना तास-दीड तास नेहमीपेक्षा जास्त चिडचिडी होतात. शिवाय ही गोळी भूक मारते. डबा अर्धा परत येतो आणि मूल उपाशीपोटी खेळायला जातं. खाली जायच्या अर्धा तास आधी पोटभर खाऊ घाला. पोळीचा लाडू, शेंगदाण्याची चटणी लावलेली पोळी, अंडं, काहीही चालेल, बिस्किटावर भागवू नका. एवढ्यानेही वहीतला आकडा हललेला दिसू शकतो. गोळीची वेळ किंवा प्रकार बदलायचा का, हे वही दाखवून डॉक्टरांना विचारा, स्वतः बदलू नका. आणि एक लक्षात असू द्या: गोळी थांबायला मदत करते. थांबून काय करायचं, ते शिकवावंच लागतं.

थकण्याचा उपाय सर्वांत सोपा आहे आणि तोच कोणी करत नाही. वहीत बाराव्या मिनिटाला भांडण दिसत असेल तर आठव्या मिनिटाला त्याला पाणी प्यायला बोलवा. भांडणानंतर नाही, सगळं छान चाललेलं असताना. दोन मिनिटं बाजूला बसवा, पाणी द्या, परत पाठवा किंवा सरळ घरी न्या. घरातले म्हणतील, “चांगला खेळतोय, कशाला उठवताय?” उठवायचं ते याचसाठी. मुलांच्या डोक्यात त्याच्याबद्दल जी शेवटची आठवण राहते ती भांडणाची नसावी. सलग चार दिवस बरे गेले की दोन-तीन मिनिटं वाढवा. एकदम अर्ध्या तासावर उडी मारली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आता खेळात शिरणं. इथे जरा थांबू, कारण बाहेर पडलेल्या मुलाचं सगळं इथेच अडतं. मोठी माणसं सांगतात, “जा ना, त्यांना सांग मलाही खेळायचंय.” हा सल्ला चुकीचा आहे. जी मुलं सहज मिसळतात ती असं करत नाहीत. ती आधी कडेला उभी राहतात, खेळ काय आहे ते बघतात, बाहेर गेलेला चेंडू आणून देतात, कोणी चांगला फटका मारला तर “भारी!” म्हणतात, आणि डाव मोडला की विचारतात. चालू डावात विचारलं तर खेळणाऱ्याला खेळ थांबवावा लागतो, आणि नकाराचं अर्धं कारण तेच असतं. तुमच्या मुलाला हे पाच भागांत शिकवा.

पहिलं, उभं राहायची जागा. खेळाच्या रेषेपासून चार-पाच पावलं मागे. ती जागा नेमून द्या: “त्या खांबापाशी.” ‘जरा लांब’ म्हणजे किती, हे त्याला कळणार नाही.

दुसरं, काय बघायचं. तीन प्रश्न, बोटांवर मोजून: कोणता खेळ? राज्य कोणावर आहे किंवा बॅटिंग कोणाची? दोन्हीकडे गडी सारखे आहेत का? एका बाजूला एक कमी असेल तर तुमच्या मुलाला घेण्यात त्यांचाही फायदा असतो.

तिसरं, खंड ओळखणं. ओव्हर संपली, राज्य बदललं, लगोरी पुन्हा रचायला घेतली, कोणी ‘टाइमप्लीज’ म्हणालं, म्हणजे खंड. हे घरी शिकवता येतं. तुम्ही दोघं पत्ते खेळा, तो बघेल आणि खंड आला की मांडीवर थाप मारेल. दहातून आठ वेळा बरोबर आलं की खाली न्या. पहिल्या दिवशी त्याने फक्त खंड ओळखायचा, विचारायचं नाही. तुम्ही शेजारी उभं राहा.

चौथं, कोणाला विचारायचं. सगळ्यांना उद्देशून नाही. जो मुलगा त्यातल्या त्यात मऊ आहे त्याला, नाव घेऊन: “पुढच्या डावात मला घेता का? मी फिल्डिंग करतो.” दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. बॅटिंग मागत येणाऱ्याला कोणीच घेत नाही.

पाचवं, नकार. ‘नाही’ हे उत्तर येणारच, सगळ्यांच्या लाडक्या मुलालाही कधीकधी येतं. त्याचंही वाक्य तयार हवं: “बरं, नंतर येतो.” आणि मग पाय कुठे वळणार, तेही ठरलेलं हवं. सायकल, दोरीच्या उड्या, वॉचमनकाकांच्या खुर्चीपर्यंत एक फेरी. नकारानंतरची ती पंधरा सेकंदं रिकामी ठेवलीत तर त्यात भांडण भरतं.

आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं एकच नियम: कोणाची चूक दाखवायची नाही. त्याला ती दिसणार, आणि बहुतेक वेळा तो बरोबरच असणार. तरीही नव्याने आलेल्या गड्याने पहिल्याच मिनिटाला “असं नसतं!” म्हणावं, हे कोणत्याही टोळीला खपत नाही. त्याला ते कारणासकट सांगा. ऑटिझम असलेली अनेक मुलं कारण पटलं तर नियम इतरांपेक्षा जास्त इमानाने पाळतात.

बक्षिसासाठी चिंचोके घ्या. त्याने पाचपैकी एक पायरी केली की लगेच, त्याच मिनिटाला, जवळून जाताना त्याच्या खिशात एक चिंचोका टाका आणि काय जमलं ते कानात सांगा: “खंडापर्यंत थांबलास.” पाच चिंचोके झाले की त्याच संध्याकाळी घरी त्याच्या आवडीचं काहीतरी: दहा मिनिटं जास्त लेगो, किंवा बाबांबरोबर मेट्रोचा नकाशा काढणं. रविवारी मिळणारं मोठं बक्षीस एडीएचडीच्या मेंदूला मंगळवारी दिसतच नाही. भांडण झालं म्हणून मिळालेले चिंचोके परत घेऊ नका. परत घेतले की दुसऱ्या दिवसापासून त्याला त्यात रस उरत नाही. तीन-चार आठवड्यांनी बक्षिसाला नवेपण राहत नाही, तेव्हा बक्षीस बदला. पद्धत फसली असं समजून ती सोडू नका.

आता हरणं आणि आउट होणं. ‘हरलो तरी चालतं’ हे वाक्य काढून टाका. ते खरं नाही, हरलेलं कोणालाच चालत नाही. त्याजागी हे द्या: “हरलो. राग आला. पुढचा डाव.” यात रागाला जागा आहे. घरी बाबांनी हरायचं आणि हे वाक्य मोठ्याने म्हणायचं, मुलाला म्हणायला लावायचं नाही. नशिबाच्या खेळांपासून सुरुवात करा, सापशिडी किंवा लुडो, कारण तिथे हरण्यात आपली चूक नसते. डाव पाच मिनिटांच्या आत संपावा. सापशिडी शंभरऐवजी पन्नासपर्यंतच खेळा. पाचपैकी तीन डाव त्याच्या बाजूने जातील असं सुरुवातीला बघा, मग दोन. आजी-आजोबा लाडाने प्रत्येक डाव हरत असतील तर त्यांना हात जोडून विनंती करा. घरी कायम जिंकणारं मूल खाली जाऊन पहिल्यांदाच हरतं, तेही चारचौघांत.

बॅट सोडण्यासाठी शब्दांनी काही होणार नाही, हातापायांची सवय लावा. दुपारी पार्किंग रिकामं असताना जा. तुम्ही चेंडू टाका, मुद्दाम आउट करा, आणि हे चार भाग सलग: बॅट जमिनीवर टेकव, कीपरच्या हातात दे, मागे वळ, समोरच्या भिंतीला दोन्ही हात लावून परत ये. एका वेळी दहादा. घाई करू नका, पण हसत-खेळत करा. भिंतीपर्यंत जाऊन येण्यात दहाएक सेकंद जातात, शरीराला हालचाल मिळते, आणि सगळ्यांच्या नजरा चुकवता येतात. हे आठवडाभर रोज झालं की खऱ्या डावात तुम्ही फक्त “भिंत” म्हणायचं. एकच शब्द. राग चढलेला असताना या मुलांना लांब वाक्यं पोचत नाहीत. “तुला किती वेळा सांगितलं” हे सुरू झालं की तो तुमच्याशी भांडायला लागतो, खेळ राहतो बाजूला.

भांडण झालंच तर जागेवर ‘सॉरी’ वदवून घेऊ नका. ते मनातून येत नाही, आणि समोरच्या मुलांना ते बरोबर कळतं. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी एक भरपाईची कृती: काल ज्याची बॅटिंग गेली त्याला आज पहिली बॅटिंग, आणि “काल तुझा नंबर मी घेतला, आज तू घे” एवढंच वाक्य.

नियमांवरचे वाद ही बऱ्यापैकी ऑटिझमची बाजू आहे. सोसायटीच्या क्रिकेटचे नियम रोज बदलतात. एक टप्पा आउट कधी असतं, कधी नसतं. चेंडू थेट गच्चीत गेला की एका बिल्डिंगमध्ये सिक्सर, दुसरीत आउट. पहिला बॉल ट्रायल, पण लहानांनाच. हे कुठेही लिहिलेलं नसतं, आणि ज्याला जग नियमांवरच उभं दिसतं त्याला ही सरळ फसवणूक वाटते. इथे सोशल स्टोरी वापरा, म्हणजे एखादा प्रसंग मुलाला उलगडून सांगणारी छोटीशी गोष्ट. कॅरल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने 1991 च्या सुमाराला ही पद्धत मांडली. त्यातला मुख्य मुद्दा लोक विसरतात: गोष्टीत परिस्थितीचं वर्णन बरंच आणि सूचना अगदी थोडी असावी. सूचनांचीच यादी केली तर ती सोशल स्टोरी होत नाही, लिहून काढलेलं रागावणं होतं. तुमच्यासाठी अशी:

“आमच्या सोसायटीत मुलं संध्याकाळी क्रिकेट खेळतात. पार्किंगमध्ये जागा कमी आहे, म्हणून इथले नियम टीव्हीवरच्या क्रिकेटपेक्षा वेगळे असतात. कधी एक टप्पा आउट असतं, कधी नसतं. ते मुलं त्या दिवशी ठरवतात. नियम बदलला की मला राग येतो. असा राग पुष्कळ मुलांना येतो. डाव सुरू व्हायच्या आधी मी विचारू शकतो, ‘आज काय नियम?’ जे ठरतं ते त्या डावापुरतं असतं.”

आठ वाक्यं, सूचना एकच. खाली जायच्या आधी रोज एकदा, दोन आठवडे वाचा, भांडणानंतर कधीही नाही. जी गोष्ट चुकल्यावर हातात येते तिचा मुलाला तिटकारा बसतो.

घरातल्या बोलण्यातही असेच न लिहिलेले नियम भरलेले आहेत, आणि ते आपल्याला दिसत नाहीत कारण आपण त्यातच वाढलो. “बघू नंतर” म्हणजे बहुतेक वेळा नाही. “या एकदा घरी” हे आमंत्रण नसतं. पाहुणा चहाला पहिल्यांदा नको म्हणतो, ते नको नसतं. “दोन मिनिटांत येते” म्हणून गेलेली आई वीस मिनिटांनी येते, आणि घड्याळ लावून बसलेलं मूल तोवर रडकुंडीला आलेलं असतं. काही काळ तुम्ही मुलाशी बोलताना शब्दशः खरं बोला: “आज नाही, शनिवारी हो.” आणि इतरांचं बोलणं उलगडून सांगायची सवय ठेवा: “काकू ‘बघू’ म्हणाल्या, म्हणजे बहुधा येणार नाहीत.” हे भाषांतर रोज चार-पाचदा झालं की मूल स्वतः विचारायला लागतं, “हे खरं बघू आहे का?” त्या प्रश्नाचं कौतुक करा.

सोसायटीच्या टोळक्याइतकंच, किंबहुना जास्त, लक्ष एका मैत्रीवर द्या. दहा जणांत खपण्यापेक्षा एक पक्का मित्र असणं मुलाला जास्त सांभाळतं. वहीत बघून असा मुलगा किंवा मुलगी निवडा ज्याच्याबरोबर भांडणं कमी झाली आणि ज्याची एखादी आवड जुळते. वय एखाद-दोन वर्षं कमी असलं तरी चालेल. त्याच्या आईशी बोलून एकालाच घरी बोलवा, दोघांना नाही. तिघांत एक बाहेर पडतो आणि तो बहुधा तुमचाच असतो. पहिल्यांदा पाऊण तास पुरे. येण्याआधी आपल्या मुलाला विचारा, कोणती खेळणी त्याला दुसऱ्याच्या हातात बघवणार नाहीत. ती कपाटात बंद करा, बाहेर जे राहील ते वाटून खेळायचं. पहिली पंधरा मिनिटं काहीतरी करण्याचा कार्यक्रम ठेवा: भेळ कालवणं, पतंगाला कण्या बांधणं, मातीचा किल्ला. हात गुंतले की गप्पांचं ओझं राहत नाही. मग खायला, मग मोकळा खेळ, आणि मजा चालू असतानाच निरोप. मोबाइल आणि व्हिडिओ गेम पहिल्या चार भेटींत नको, दोघं शेजारी बसून एकेकटे राहतात. दार उघडं ठेवून शेजारच्या खोलीत बसा. आवाज चढला तर खाऊ घेऊन आत जा, न्यायाधीश होऊन नाही.

आता बाकीच्या मुलांविषयी. मुलांच्या टोळीत एकदा नाव खराब झालं की वागणं सुधारल्यावरही ते बराच काळ तसंच राहतं. तीच धक्काबुक्की दुसऱ्याने केली तर ‘चुकून’ आणि याने केली तर ‘हा असाच आहे’. म्हणून फक्त आपल्या मुलाला घडवत बसलं तर अर्धंच काम होतं. इंग्लंडमधले संशोधक डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी 2012 मध्ये हे नीट मांडलं: न समजणं दोन्हीकडून असतं. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचता येत नाही म्हणतात, पण इतरांना त्याचं वाचता येतं असं तरी कुठे आहे?

दोन-तीन मोठ्या, जरा समजूतदार मुलांना खाऊला बोलावून सरळ सांगा: “त्याला मोठा गोंगाट झाला की सुचत नाही. नियम आधी सांगितले तर तो नीट खेळतो. आउट झाला की तो भिंतीपर्यंत जाऊन येतो, तेवढं थांबा.” निदानाचं नाव सांगायचं की नाही, हे तुमच्या आणि मुलाच्या मर्जीवर आहे. त्याची संमती नसेल तर सांगू नका, नावाशिवायही काम होतं. आपल्या खेळांत कच्च्या लिंबाची सोय पूर्वीपासून आहे. लहान भावंडाला खेळात ठेवायचं पण राज्य द्यायचं नाही, ही तडजोड मुलांनी स्वतःच शोधलेली. मात्र तुमच्या मुलाला कच्चा लिंबू करू नका, या वयात तो अपमान वाटतो. त्याला काम द्या. स्कोअर लिहिणारा, लगोरीची ठिकरी मोजणारा, गडी वाटणारा. नियम आणि आकडे ही त्याची ताकद आहे, ती टोळीच्या उपयोगाला येऊ दे.

यातून तुमच्या स्वभावाच्या प्रश्नाकडे येऊ. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या जोडप्याने 1956 पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा तान्हेपणापासून अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं, की चंचलपणा, नव्याला बुजणं, भावनांची तीव्रता, चिकाटी यांत मुलं जन्मापासूनच वेगळी असतात. आणि पुढे मूल कसं घडतं, हे त्या ठेवणीइतकंच भोवतालाशी तिचं कितपत जुळतं यावर अवलंबून असतं. तुमच्या मुलाची तीव्रता, एकाच विषयात बुडून जाणं, खोटं न बोलता येणं, अन्याय सहन न होणं ही त्याची ठेवण आहे. ती बदलायच्या मागे लागू नका. थांबणं, विचारणं, बॅट देणं ही कौशल्यं आहेत, ती शिकता येतात. ‘हट्टी’ हा शब्द दोन्हीची गल्लत करतो. घरातल्यांना एवढंच सांगा, की तो शब्द मुलासमोर नको. ऐकून ऐकून मूल तोच आपला स्वभाव मानायला लागतं.

काही गोष्टी मुळीच शिकवू नका. डोळ्यांत बघायची सक्ती त्यातली पहिली. अनेक ऑटिस्टिक मुलांना बघणं आणि ऐकणं एकाच वेळी जमत नाही. त्यांनी चेहरा साधारण तुमच्याकडे वळवला तरी पुरे. पाहुण्यांच्या गालगुच्च्यांची, मिठीची सक्ती नको. नमस्कार लांबूनही होतो. आनंदात हात फडफडवणं थांबवू नका, त्याने कोणाला इजा होत नाही. मुलींच्या बाबतीत वेगळीच काळजी लागते. पुष्कळ मुली इतरांची हुबेहूब नक्कल करून दिवसभर निभावून नेतात आणि घरी आल्यावर कोसळतात. शाळा म्हणते काहीच अडचण नाही, आणि निदान कित्येक वर्षं लांबतं. शिकवण्यामुळे मूल जास्त थकतंय, गप्प होतंय असं दिसलं तर वेग कमी करा.

कागदपत्रांचं थोडक्यात: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे प्रमाणपत्र आणि शाळेतल्या सवलतींसाठी ऑटिझमचं निदान कामाला येतं. खर्च झेपत नसेल तर सरकारच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतची मुलं येतात. तुमच्या जिल्हा रुग्णालयात त्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे का, ते विचारा.

मूल शाळेत जायला सतत नकार देत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, अंगावर खुणा दिसत असतील, किंवा “मी नसतो तर बरं झालं असतं” असं काही बोललं, तर वही-चिंचोके बाजूला ठेवून त्याच आठवड्यात बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा. शेवटचं वाक्य कानावर पडलं तर त्याच दिवशी. या मुलांना छळ झालेला सांगता येत नाही, कधीकधी तो छळ आहे हेच कळत नाही. “आज कोणी त्रास दिला का?” याला ते “नाही” म्हणतील. “डबा खाताना शेजारी कोण होतं? डबा कोणी उघडला?” असं विचारा.

आणि क्लास. एडीएचडीच्या मुलांना खोलीत बसवून सोशल स्किल्स शिकवण्याचे अभ्यास कॉक्रेन या संस्थेने 2011 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये एकत्र तपासले, तेव्हा शिक्षकांना मुलांच्या वागण्यात ठोस म्हणावा असा फरक दिसला नव्हता. ऑटिझम असलेल्या मोठ्या, कुमारवयीन मुलांसाठी चित्र बरं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पिअर्स या कार्यक्रमाचा उपयोग होतो, पण त्यात आईवडिलांचा वर्ग मुलांच्या बरोबरीने भरतो आणि दर आठवड्याला खऱ्या मित्राबरोबर करायचा गृहपाठ असतो. तेव्हा पैसे भरण्याआधी क्लासवाल्यांना चार गोष्टी विचारा. गटात चार ते सहाच मुलं आहेत का, आणि वयं जुळतात का? आईवडिलांना दर आठवड्याला काय शिकवणार? शाळेतल्या बाईंशी कोण बोलणार? आणि जे शिकवाल ते माझ्या मुलाच्या पार्किंगमध्ये उतरतंय की नाही, हे कोण, कधी येऊन बघणार? चौथ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर क्लास राहू दे. ते पैसे कॉलेजमधल्या एखाद्या शांत डोक्याच्या दादाला द्या, त्याला खेळात शिरायच्या या पाच पायऱ्या आणि ‘भिंत’ शिकवा, आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी सहा ते साडेसहा खांबापाशी उभं करा.